तिसऱ्या हाकेला ओ

निवटी पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मासा वाटतच नाही. बोटभर लांब, चिखलाच्या रंगाची, डोळे थेट डोक्यावर आलेले, आणि पाणी सोडून चिखलातच टुणटुण उड्या मारत फिरणारी. आई पनवेलच्या बाजारात निवट्या घेऊन बसायची तेव्हा कॉलनीतल्या बायका वाकून बघायच्या, "शी, हे तर हलतंय!" म्हणायच्या आणि पापलेटवालीकडे वळायच्या. वळू देत. ज्यांना निवटीचं कालवण माहीत नाही त्यांची मला दया येते.

निवट्या जिवंतच घरी आणायच्या. त्यांच्या अंगाला बुळबुळीत थर असतो, तो नुसत्या पाण्याने जात नाही, त्याला चुलीतली राख चोळावी लागते. मग भरपूर ठेचलेला लसूण, घरचा मसाला, चिंचेचा कोळ, आणि दिवस असतील तर कैरीच्या दोन फोडी. सोबत तांदळाची भाकरी. बाकी काही नको. मी लग्न होऊन खारघरला बाराव्या मजल्यावर राहायला गेले. आई पहिल्यांदा तिथे आली तेव्हा तिच्या एका पिशवीत निवट्या होत्या आणि दुसऱ्या पिशवीत राख. लिफ्टमधल्या माणसाने नाकाला रुमाल लावला. आईने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने तो काढून खिशात ठेवला.

पण खरं सांगायचं तर आता ते कालवण माझ्या घशाखाली सहज उतरत नाही. खाडीच्या पाण्यावर कधीकधी तपकिरी फेस येतो, कधी तेलाची साय धरते. ते कुठून येतं ते कोणी सांगत नाही. आईने आणलेलं मुलीला वाढण्याआधी मी एकटी खाते आणि उगाच इकडेतिकडे करत वेळ काढते, मला काही होतंय का ते बघत. आईच्या हे लक्षात आलं तेव्हा तिला लागलं. "मी काय माझ्या नातीला विख घालनार हाय?" म्हणाली. मी म्हटलं, "तू नाही गं, पाणी." फेस तिनेही बघितलेला होता.

मी मुळातच भित्री. आई मला अजून भागूबाई म्हणते. शाळेत शिकवते, चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करते, पण फोन वाजला आणि वर आईच्या शेजाऱ्यांचं नाव दिसलं की तो उचलायचा मला धीर होत नाही. याचं कारण खाडी. लहानपणापासून मी बांधावर उभं राहून चिखलात वाकलेली आई बघत आले आहे. बाप मिठागरात कामाला होता. मिठागरं बुजली आणि पाठोपाठ तोही गेला. तेव्हापासून आईची खाडी कधी सुटली नाही. पैशासाठी म्हणाल तर आता तशी गरज नाही. पण अमावास्या जवळ आली, पाणी लांब हटू लागलं की ती घरात टिकत नाही. "हात शिवशिवतान," म्हणते.

निवटी कशी पकडतात ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती चिखलात बीळ करते आणि त्या बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडावर पाय दाबून ठेवायचा आणि दुसऱ्यात हात घालायचा. अगदी खांद्यापर्यंत. त्या वेळी बाईचा गाल चिखलाला टेकलेला असतो, डोळे मिटलेले असतात, सगळा जीव बोटांच्या टोकात असतो. मागे काय चाललंय ते तिला दिसत नाही. म्हणून बायका जोडीने जातात. एक वाकते तेव्हा दुसरी बघते. आईची जोडीदारीण आमची शेजारची काकी होती. काकीचे गुडघे गेले आणि ती मुलाकडे जासईला राहायला गेली. त्यानंतर आई एकटीच जाऊ लागली. मागे बघणारं कोणी उरलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, हाकेची. आमच्या बायकांमध्ये चिखलात असताना कोणी नावाने हाक मारत नाही. नाव खाडीला कळू द्यायचं नाही म्हणतात. नुसतं "गो" म्हणायचं, किंवा नात्याने. आणि ज्या बाईला हाक मारली तिने पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. तिसरी हाक आली की मगच वळायचं. कारण बुडून मेलेली बाई तिवरांत, खाडीकाठच्या झाडीत, बसलेली असते, तिला सोबत हवी असते, ती आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारते. पण तिला एकदाच मारता येते, फार तर दोनदा. तीनदा हाक मारायला माणूसच लागतो. जी पहिल्या हाकेला ओ देते ती त्याच पावली तिकडे चालू लागते, असं मला आईने मी अगदी लहान असताना सांगितलं. मग मला सांगा, मी भित्री नाही होणार तर काय होणार?

मोठी झाल्यावर मी यातलं शहाणपण शोधून काढलं होतं. गुडघाभर रुतलेली बाई हाकेसरशी गर्रकन वळली तर पाय तिथेच राहतो आणि धड फिरतं, गुडघा निखळतो. म्हणून सावकाश, तीन हाका होईपर्यंत पाय मोकळे करून घे, असा तो नियम असणार. मी हे आईला ऐटीत सांगितलंही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तसं पन असंल. तू मात्र तिसरीलाच ओ दे." आणि गंमत म्हणजे मी अजून तशीच वागते. मुलगी आतल्या खोलीतून हाक मारते, मी थांबते. ती चिडून तिसऱ्यांदा ओरडते तेव्हा "काय गं" म्हणते. नवऱ्याला वाटतं मला ऐकू कमी येतं.

त्या दिवशी सुकापूरला माझ्या मावसबहिणीच्या मुलीची हळद होती. संध्याकाळी जायचं होतं, म्हणून मी सकाळीच आईकडे आले. घर उघडं, चहाचं भांडं विसळून पालथं घातलेलं, आईचा फोन मात्र देवाच्या फळीवर. ती खाडीवर जाताना फोन तिथेच ठेवते. अमावास्येला दोन दिवस होते. मी चप्पल पायात सरकवली आणि बांधाकडे निघाले. रागच आला होता. हळदीचं घर, पाहुणे येणार, आणि ही बाई चिखलात.

बांधावरून बघितलं तर ती खूप आत गेली होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, कमरेला डबा बांधलेला, वाकलेली. तिच्या पलीकडे खाडीचं पाणी लांब, शांत, चकाकत होतं. भरती लागायला अजून वेळ आहे असं मलाही वाटलं. आमच्याकडे भरती समोरून येते. पाण्याची रेघ पुढे सरकताना दिसते, बायका तिच्याकडे बघत बघत मागे हटतात आणि बांधाजवळचा चर ओलांडून वर येतात. हा चर म्हणजे बांध आणि चिखल यांच्यामधला अरुंद खोल पट्टा. ओहोटीला त्यात घोटाभर पाणी असतं आणि भरतीत तो सगळ्यात शेवटी भरतो. हे असंच होतं, माझ्या आजीपासून. आई समोरच्या रेघेवर डोळा ठेवून काम करत होती, आणि तिच्या हिशेबात काही चूक नव्हती.

मग मी खाली बघितलं. चर वाहत होता.

वरच्या अंगाला त्या वर्षी भराव पडला होता, त्यावरून नवा रस्ता गेला होता आणि रस्त्याखालून पाण्यासाठी मोठे पाइप टाकले होते. खाडीच्या दुसऱ्या फाट्याला चढलेलं पाणी त्या पाइपांतून घुसून चरात उतरत होतं. समोरची रेघ हललीही नव्हती आणि आईच्या मागे, तिच्या आणि बांधाच्या मधे, पाणी गढूळ होऊन फिरत, काटक्या आणि थर्माकोलचे तुकडे घेऊन वर येत होतं. मला पोहता येत नाही. आईलाही येत नाही. आमच्याकडच्या बायका जन्मभर खाडीत राबतात आणि त्यांना पोहणं कोणी शिकवत नाही.

मी हाक मारली. "आये!"

ती हाक तिच्यापर्यंत पोचली. मी बघितलं ना. तिचा हात बिळातून बाहेर आला, ती कमरेत सरळ झाली आणि उभी राहिली. पाठ माझ्याकडे. मान जराही वळली नाही. ती थांबली होती. दुसऱ्या हाकेची वाट बघत होती, आणि मग तिसरीची. हे मला तेवढ्या लांबून, तिच्या पाठीवरून कळत होतं, कारण मीही तशीच उभी राहते.

आणि नेमके तेव्हा माझ्या पाठीमागच्या रस्त्यावरून डंपर आले. भरावाची माती घेऊन एकामागे एक, खडखडत, हॉर्न वाजवत. मी "आये" म्हटलं, पुन्हा म्हटलं, घसा फुटेस्तोवर म्हटलं, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी हात हलवले, ओढणी काढून फडकवली. पण वळल्याशिवाय ओढणी कशी दिसणार? आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने उजवा हात उचलून कपाळाला लावला, छातीला लावला, जसं देवळासमोरून जाताना करतात तसं. आणि परत वाकली.

तिने ठरवून टाकलं होतं की हाक माझी नव्हती.

मी चरात उतरले. पुढे कित्येकांनी मला विचारलं, तू लोकांना का नाही बोलावलंस, दोरी का नाही आणलीस. तिथे लोक कुठले? डंपरवाल्यांना वरून काही दिसत नव्हतं. मी उतरले, कारण उभं राहवेना. पाणी मांडीपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत, आणि मधोमध आल्यावर तळाचा चिखल पायाला धरून बसला. एक पाय उपसला की दुसरा आत जाई. शाळेत जायचे माझे पंजाबी कपडे पाण्याने जड झाले. थर्माकोलचा एक तुकडा माझ्याभोवती गोल फिरत राहिला. मी मरणार आहे असं मला वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आई बिळातून हात काढून सावकाश मागे वळेल तेव्हा चर भरलेला असेल आणि तिला तिथे मी दिसेन. कशी दिसेन ते मनात आलं आणि मी किंचाळले.

डंपर गेले होते. मला ते कळलं नाही. मी "आये, आये गो, आये" असं ओरडत होते. मोजत नव्हते. पण तीन हाका झाल्या असणार, कारण आई वळली.

तिने मला बघितलं आणि जी आली! त्या वयात, त्या चिखलात. वाटेत कमरेचा डबा सोडून फेकला. काठावर येऊन पोटावर आडवी झाली आणि ओरडली, "हुबी नको राहू, आडवी हो, पान्यावर आडवी हो!" मी झाले. तिने माझी ओढणी पकडली, मग दंड पकडला आणि मला भरत्या चरातून बांधाच्या बाजूला नाही, तिच्या बाजूला ओढलं. मग आम्ही दोघी गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत, चराच्या कडेकडेने, जिथे दोन्ही काठांवरच्या तिवरांची मुळं एकमेकांना मिळतात तिथवर गेलो. मुळं धरून पलीकडे आलो तेव्हा पाणी आईच्या छातीला लागलं होतं. ती वाटभर मला शिव्या घालत होती. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

घरी येऊन तिने मला न्हाणीत बसवून अंगावर पाणी ओतलं, लहानपणी ओतायची तसं. तिने चूल पेटवली, चहा केला, त्यात गूळ घातला. फेकलेल्या डब्यातल्या निवट्या गेल्या होत्या, तिच्या काष्ट्याच्या घडीत मात्र एक सापडली. ती तिने पाण्याच्या वाटीत टाकली. निवटी वाटीच्या काठावर चढून आमच्याकडे बघत बसली. तिला कापायचं दोघींच्याही मनात आलं नाही.

"आये," मी म्हटलं, "पहिली हाक ऐकू आली होती ना तुला?"

"आलती."

"मग? माझा आवाज ओळखला नाहीस?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आवाज तुजाच व्हता," ती म्हणाली. "म्हनून तर वळले नाय. तू खारघरला. तू कशाला येशील सकालची? दुसरी हाक आली नाय तवा मला वाटलं, तिला आता तुजा आवाज पन गावला."

माझ्याच आवाजाला घाबरून आई मृत्यूकडे पाठ करून वाकली होती. आणि तिचा नियम चुकीचा होता असंही मला म्हणता येईना, कारण त्याच नियमाने ती इतकी वर्षं घरी परत आली होती. संध्याकाळी आम्ही हळदीला गेलो. तिथे आईने हे कोणाला सांगितलं नाही. फक्त जेवायला बसताना माझा उजवा हात धरून ठेवला, त्यामुळे मला डाव्या हाताने वाढून घ्यावं लागलं आणि मावशी रागावली.

मला वाटलं होतं, आता ती खाडी सोडेल. मी विनवलं, भांडले, मुलीला मधे घातलं. महिनाभर गेली नाही. मग पुढची अमावास्या आली आणि ती पुन्हा खाडीत उतरली. आता चर भरायच्या आधी निघते म्हणते, समोरच्या रेघेपेक्षा पाइपांकडे बघते म्हणते. फोन मात्र अजून देवाच्या फळीवरच असतो. ओहोटीच्या सकाळी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असते आणि माझी पाठ गार पडलेली असते. सुट्टी असली की मी सरळ बांधावर येऊन उभी राहते. तिची जोडीदारीण आता मीच आहे, तिने मागितली नसली तरी.

पण एक बदललं. ते मला घरात आधी कळलं. मी मोरीतून "आये" म्हटलं, आणि शब्द तोंडातून पुरता पडायच्या आत तिकडून "ओ!" आलं. मी चमकले. तिला म्हटलं, "अगं, पहिल्याच हाकेला?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुजी हाक एकदा वाया घालवली मी. आता नाय घालवनार. कोन असंल तो असूदे."

मी हसले, म्हणजे तसं दाखवलं. जन्मभर तिने आतून एक कडी लावून ठेवली होती आणि ती माझ्यासाठी काढून टाकली होती. आता बाजारात कोणीही हाक मारली तरी ती पहिल्याला वळते. दारावर भंगारवाला ओरडला तरी "ओ" म्हणते. बायका हसतात. मला हसू येत नाही.

गेल्या रविवारी मी बांधावर उभी होते. चरात घोटाभरच पाणी होतं, समोरची रेघ लांब होती, डंपर सुट्टीवर होते. इतकं शांत की निवट्यांच्या उड्यांचा चपचप आवाज ऐकू येत होता. आई आत वाकलेली. मी नुसती बघत होते, हाक मारायला काही कारणच नव्हतं. एकाएकी ती सरळ झाली, तिवरांच्या दिशेने वळली, आणि हसऱ्या, मोकळ्या आवाजात म्हणाली, "ओ! आले गो बाय!"

मी हाक मारलीच नव्हती.

मग मी मारली. तिने तिकडे पाऊल टाकायच्या आत, जीव खाऊन, एकामागे एक, तीनदा.